चौथ्या डबीतला अंधार

प्रयोगशाळेत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवला की माणसं ओळखू येत नाहीत, नुसते डोळे दिसतात. फीन कौपर्स मात्र लांबूनही ओळखू यायची, कारण ती चालताना उजवीकडे झुकायची आणि चालता चालता कुणाला तरी काहीतरी सुनावत असायची. समोर कुणी नसलं तर स्फटिक वाढवायच्या भट्टीला सुनावायची. भट्टीचं नाव तिनं श्यानमावशी ठेवलं होतं. तिची खरीखुरी श्यानमावशी खेल्ड्रोप गावात होऊन गेली होती, सोमवारी सकाळी कुणाशी धड न बोलणारी. ही भट्टीही तशीच. शनिवार-रविवार बंद राहिली की सोमवारी रुसून बसायची. मग फीन तिला आधी एक रिकामा घाणा काढायला लावायची, म्हणजे आत काही न ठेवता नुसते वायू सोडायचे, तापवायचं, गार करायचं. "मावशीनं तोंड धुतलं, आता बोला," असं म्हणून मगच ती कामाला हात घालायची. नवी आलेली शहाणी पोरं हा रिकामा घाणा वाचवायला जात आणि मंगळवारी मान खाली घालून परत येत.

फीन सहासष्ट वर्षांची होती आणि एकतीस डिसेंबरला निवृत्त होणार होती. जानेवारीत श्यानमावशीही निघणार होती. नवी भट्टी येऊन खोक्यात पडली होती, तिला सोमवारचा रुसवा नाही असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. त्यावर फीन म्हणाली, "म्हणजे तिला मन नाही." जायच्या आधी तिला एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या हातानं वाढवलेल्या सिलिकॉनमधून निघालेला उजेड. खरा उजेड, ज्याला मागाहून कुणी "अगं, तो हा नव्हेच" असं म्हणणार नाही.

उजेडाशी तिचं नातं जुनं. बाबा आइंडहोवनच्या दिव्यांच्या कारखान्यात काच फुंकायचे. थोरली बहीण टोस दिव्यांची खोकी बांधायच्या बांधणी खात्यात लागली, आणि सतराव्या वर्षी फीन तपासणीच्या टेबलाशी बसली. काम सोपं होतं. ट्रेमधला दिवा खोबणीत बसवायचा. लागला तर उजवीकडे, नाही लागला तर डावीकडे. दिवसाला हजारो. दुपारी दोननंतर हात आपोआप उजवीकडेच वळायला लागायचे, दिवा लागलेला असो की नसो. त्यावर खात्याच्या मुकादमीण स्मुल्डर्सबाईंनी एक उपाय काढला होता. त्या अधूनमधून एखाद्या ट्रेमध्ये मुद्दाम एक मेलेला दिवा सरकवत. त्याच्या बुडाशी नखांना लावायच्या लाल रंगाचा बारीक ठिपका असे. तो दिवा उजवीकडच्या पेटीत सापडला की त्या पोरीची धडगत नसे.

"लागलेला दिवा आंधळाही सांगेल, हात लावून, गरम लागतो म्हणून," स्मुल्डर्सबाई म्हणत. "मेलेला मेलाय हे जी सांगते, तिला मी पगार देते."

फीन पहिल्या महिन्यात दोनदा पकडली गेली, नंतर कधीच नाही. पुढे कारखाना हळूहळू आटला, माणसं पांगली, पण फीनच्या हाताची कीर्ती झाली होती. आधी संशोधन खात्यात आणि तिथून विद्यापीठात असं तिला बोलावणं येत गेलं. दिवे तपासणारी पोर अशी स्फटिक वाढवायला लागली. लग्न तिनं केलं नाही. टोस म्हणायची, "केलं की. श्यानमावशीशी."

टोसचं तोंड म्हणजे टोसचं तोंड. घरात कुणाचाही वाढदिवस असला की खुर्च्या गोल मांडल्या जात, येणारा प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत फिरे, आणि फीनपाशी आली की टोस अभिनंदनाऐवजी विचारी, "काय गं, लागला का दिवा?"

एका वाढदिवसाला फीनला चेव आला. "हे बघ, नीट ऐक, म्हणजे दरवर्षी विचारायला नको. चिपमधल्या तारा निरोप नेता नेता तापतात. तारेऐवजी उजेडावरून निरोप गेला तर तापणार नाहीत. पण चिप असते सिलिकॉनची, आणि सिलिकॉनला वीज दिली तर तो उजेड पाडत नाही. ठोंब्यासारखा बसतो."

"कारण?"

"बसायची रीत. आता आपण अशा गोलात बसलोय तर गप्पा चालल्यात ना? ह्याच खुर्च्या शाळेसारख्या चौकोनात मांड, सगळे गप्प. सिलिकॉनला चौकोनात बसायची सवय आहे. आम्ही त्याला सहा-सहाच्या कोंडाळ्यात बसवायला बघतोय. सोबत जर्मेनियम नावाचा त्याचा चुलतभाऊ घेऊन."

"आणि तो ऐकतो?"

"आपणहून नाही ऐकत. म्हणून आधी दुसऱ्याच पदार्थाची काडी उगवायची, जी मुळातच कोंडाळ्यात बसते. सोन्याचा एक थेंब ठेवायचा, त्याच्याखालून काडी वर येते. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढी बारीक. मग तिच्यावर सिलिकॉन-जर्मेनियमची साल चढवायची. ते खालच्याकडे बघून तसंच बसतं."

टोसनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काडी झाली, साल झाली, सोनंसुद्धा घालून झालं. बाबांनी चाळीस वर्षांत लाखो दिवे लावले. तू वीस वर्षांत काय उजेड पाडलास, तर एक हिरवा, आणि तोही दुसऱ्याचा."

गोलात बसलेले सगळे हसले. फीनही हसली, आणि भरलेला कप तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेली.

त्या हिरव्याची कथा अशी. नऊ वर्षांपूर्वी, काडी वेगळ्या पदार्थाची होती तेव्हा, एका सकाळी लेसरखाली ठेवलेला तुकडा झगझगीत हिरवा दिसला. डोळ्यांनी दिसला. प्रयोगशाळेचा प्रमुख लुडो खुर्चीवरून उठून उभा राहिला. फीननं पुढचा-मागचा विचार केला नाही. सायकल काढली, खेल्ड्रोपच्या बेकरीत गेली आणि चेरीच्या चार व्लाई, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या, घेऊन आली, एकेक परातीएवढी, वर पिठाची जाळी. इकडे आनंद ज्याचा, खाऊ त्याचा. दोन मजल्यांवरच्या माणसांनी चापून खाल्लं, फीनच्या गालाचे मुके घेतले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दोन आठवड्यांनी कळलं की उजेड सालीचा नव्हताच, आतल्या काडीचा होता. ती काडी कोंडाळ्यात बसली की हिरवी चमकते, सिलिकॉनचा त्यात काडीचा संबंध नाही. साल न चढवलेली नुसती काडी आधी मोजून बघायला हवी होती, आणि ती कुणीच मोजली नव्हती. लुडोनंही नाही, पण व्लाई आणली होती फीननं. तेव्हापासून कुठल्याही अर्ध्याकच्च्या निकालाला प्रयोगशाळेत "चेरीचा निकाल" म्हणू लागले. फीन रडली नाही. घरी गेल्यावर कपाटातून एक जुना दिवा काढला, बुडाशी लाल ठिपका असलेला, आणि कितीतरी वेळ हातात धरून बसली. स्मुल्डर्सबाईंनी आपल्याला काय शिकवलं होतं आणि आपण काय केलं, याची तिला फार लाज वाटली.

त्यानंतर तिनं प्रयोगशाळेत व्लाई आणली नाही. स्वतःच्या वाढदिवसाला सॉसेज भरलेले पाव आणायची, गरमागरम, हवे तेवढे खा. पण व्लाई नाही.

एप्पो आला तो त्यानंतर. हा अगदी उत्तरेचा, जिथे वारा समुद्रावरून सरळ तोंडावर येतो म्हणून माणसं तोंड उघडत नाहीत, असं फीनचं मत होतं. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, डॉक्टरेट करायला आलेला. फीन काड्या वाढवायची आणि एप्पो त्या हेलियमनं गोठवून, लेसर मारून त्यांचा उजेड मोजायचा. पहिल्या दिवशी दहाच्या कॉफीला त्यानं आईनं दिलेला बिस्किटांचा डबा आणला, प्रत्येकापुढे एकेकदा धरला आणि झाकण लावून टाकलं.

"एप्पो," फीन म्हणाली, "बिजागरी बिघडलीय का डब्याची?"

"नाही. का?"

"नाही, पुन्हा उघडतो का ते विचारतेय."

त्याला विनोद कळायला दुपार झाली. तीन वाजता येऊन म्हणाला, "आमच्याकडे एकच देतात." फीन म्हणाली, "म्हणून तर तुम्ही इतके उंच. फांदीवरची फळं शोधत वाढता." तेव्हापासून त्यांचं जमलं. एप्पो कौतुक म्हणून एकच वाक्य जाणायचा: "याहून वाईट होऊ शकलं असतं." फीननं एकदा अशा काड्या वाढवल्या की लुडोनं फोटो काढून भिंतीवर लावला, एप्पो भिंतीपाशी उभा राहून तेच म्हणाला. फीननं ते मनात जपून ठेवलं, कारण हा माणूस खोटं बोलणार नाही हे तिला कळलं होतं.

त्या शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात एप्पोच्या यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेत एक उंचवटा दिसला. डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्याच्याही पलीकडच्या उजेडाचा. एप्पो बोलला नाही, लुडोही बोलला नाही. फीननं तर कानांवर हात ठेवले.

"चेरी?" कॉफीच्या टेबलावर कुणीतरी हळूच विचारलं.

"कुणी नाव काढलं तर लाथ घालीन," फीन म्हणाली. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचं होतं.

उजेड सालीचाच आहे हे कसं कळायचं, हे तिला नीट माहीत होतं. सालीत सिलिकॉन जास्त घातलं की उजेडाची जागा यंत्राच्या पडद्यावर डावीकडे सरकायला हवी, कमी घातलं की उजवीकडे. काडीचा उजेड असेल तर तो सालीला भीक घालणार नाही, जागच्या जागी राहील. पण एप्पोला आधीच सांगून ठेवलं की अमक्यात इतकं सिलिकॉन आहे, तर त्याचे डोळे तिथेच शोधणार, भल्या माणसाचेही डोळे असेच असतात. दुपारी दोननंतर हात उजवीकडेच वळतात. ते फीननं टेबलाशी बसून शिकलं होतं.

नोव्हेंबरात सिंटरक्लासच्या चिठ्ठ्या निघाल्या; सिंटरक्लास म्हणजे डिसेंबरात स्पेनहून येणारा, मुलांच्या बुटांत खाऊ ठेवणारा आणि वात्रट मुलांना पोत्यात घालून नेणारा साधू. ज्याचं नाव येईल त्याला पाच डिसेंबरला भेट द्यायची, भेट वेड्यावाकड्या वेष्टनात दडवायची आणि सोबत त्याची टर उडवणारं पद्य लिहायचं, खाली सही सिंटरक्लासची. फीनच्या चिठ्ठीत एप्पोचं नाव आलं. ती चिठ्ठी हातात धरून गालातल्या गालात हसली आणि थेट श्यानमावशीकडे गेली.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा तिनं भट्टी दुसऱ्या कुणाला दिली नाही. सोमवारी रिकामा घाणा काढला, मग पाच दिवस रोज एक घाणा. मावशी या आठवड्यात अशी वागली की फीनला तिची काळजी वाटायला लागली. झडपा वेळेवर उघडत होत्या, वायूचे काटे हलत नव्हते. "शेवटचं म्हणून चांगली वागतेस का गं?" फीननं भट्टीच्या पत्र्यावर हात ठेवून विचारलं. चार घाण्यांत साल चढली, प्रत्येकात सिलिकॉनचं प्रमाण वेगळं. पाचव्यात साल चढवलीच नाही. नुसती काडी, स्वच्छ, उघडी. प्रत्येक घाण्याचा तुकडा एकेका डबीत ठेवला, या नुसत्या काडीच्या डबीला क्रमांक दिला चार, आणि क्रमांकाच्या कागदाखाली नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका लावला.

दोन डिसेंबरला सोमवारी एप्पो भट्टीच्या बाजूला काही कामाला गेला. तिथे जाताना आपले बूट दाराशी काढून ठेवायचे असतात. परत येऊन पाय घालतो तो बुटात काहीतरी खडखडलं. आत पाच डब्या आणि एक चिठ्ठी: "मोज. प्रत्येकीत सिलिकॉन किती ते उजेडावरून ओळख. उत्तराचं पाकीट लुडोकडे, गुरुवारी तीन वाजता उघडेल. आधी उघडलंस तर पोत्यात घालून स्पेनला नेईन. सिंटरक्लास."

एप्पोनं बूट हातात धरून फीनकडे पाहिलं. "सिंटरक्लासचं अक्षर तुझ्यासारखं आहे."

"साधू माणूस आहे तो. म्हातारं झालं की सगळ्यांचं अक्षर सारखंच होतं."

"यात सोपी अशी एखादी आहे का?"

"तुला भट्टीच्या खोलीत बूट नेता येत नाहीत, आणि मला तुझ्या खोलीत तोंड. जा मोज."

मंगळवार गेला. बुधवारी दहाच्या कॉफीला एप्पो आला तो गप्प होता. एप्पो गप्प असणं ही बातमी नव्हे. पण टेबलावर लवंग-दालचिनीच्या बारक्या बिस्किटांची परात भरून ठेवली होती आणि त्यानं एकही उचललं नाही. फीननं आपला कप खाली ठेवला.

"कसं चाललंय?"

"चाललंय." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. कप तसाच ठेवून उठून गेला.

फीनला वेगळं सांगायला नको होतं. चौथीत उजेड सापडलाय. नुसती काडीच चमकतेय, पुन्हा काडीच, आणि पाचही डब्यांचा उजेड एकाच जागी बघून पोरगं समजून चुकलंय, फक्त म्हातारीच्या तोंडावर कसं सांगायचं ते त्याला सुचत नाहीये. त्या दुपारी ती श्यानमावशीपाशी बसली आणि मावशीला एक शब्द बोलली नाही. बाकीच्यांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय, कारण त्या खोलीत इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. घरी जाताना तिनं बेकरीवरून सायकल नेली नाही, लांबच्या रस्त्यानं गेली.

संध्याकाळी टोसचा फोन आला. नेहमीचा प्रश्न आला नाही. टोस म्हणाली, "आवाज असा का गं?"

"थंडी."

"थंडी तुला कधीपासून बाधते? मी येऊ का?"

"नको," फीन म्हणाली, आणि मग म्हणाली, "उद्यानंतर ये."

गुरुवारी तीनला कॉफीच्या कोपऱ्यात वीसेक माणसं जमली. भेटी उघडल्या गेल्या. लुडोला पुठ्ठ्याच्या हत्तीच्या पोटातून मोज्यांची जोडी मिळाली, कारण तो दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतो, आणि त्यावरचं पद्य वाचताना तो स्वतःच हसून हसून थांबला. शेवटी त्यानं खिशातून फीनचं पाकीट काढलं. "आता हा आमचा उत्तरेचा. एप्पो, आधी तू सांगायचं, मग मी उघडणार."

एप्पो कागद घेऊन उभा राहिला. त्याचे डोळे तांबारले होते.

"पहिली डबी," तो म्हणाला. "एकोणीस टक्के, एखादा इकडेतिकडे. दुसरी, तेहतीस. तिसरीत सिलिकॉन नाही, निव्वळ जर्मेनियम. पाचवी, सोळा." तो थांबला.

"चौथी राहिली," लुडो म्हणाला.

"चौथीचं मला सांगायचं नव्हतं. म्हणजे असं, सगळ्यांसमोर." तो फीनकडे वळला. "फीन, मी दोन दिवस तीच घेऊन बसलोय. लेसर पुन्हा लावला, जागा बदलली, तुकडा काढून परत बसवला. काल दिवसभर आणि आज सकाळी. काहीच नाही. ठार अंधार आहे. तुझा घाणा खराब झाला असेल, किंवा माझ्याच हातून काही झालं असेल. हे तुझे शेवटचे घाणे, आणि मी... मला फार वाईट वाटतंय."

फीनला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "अंधार म्हणजे किती अंधार?"

"पूर्ण. यंत्राची खरखर तेवढी. दुसरं काही नाही."

फीन खाली बसली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लोक एकमेकांकडे बघत होते. तिनं हातानं लुडोला खूण केली. लुडोनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला:

"एप्पो आला उत्तरेहून, ओठ त्याचे बंद,
बिस्किट एक, मग झाकण, हाच त्याचा छंद.
पहिल्या डबीत वीस भाग सिलिकॉनची रास,
दुसरीमध्ये पस्तीस घातले, शिजले बघ झकास.
तिसरी निव्वळ जर्मेनियम, पाचवीला पंधरा,
चौथीपाशी जपून बस रे, तिचा वेगळा नखरा.
साल नाही तिच्या अंगी, नुसताच आहे गाभा,
उजेड तिथे सापडला तर माझी गेली शोभा.
   सिंटरक्लास"

शेवटच्या दोन ओळींना लुडोचा आवाज बदलला. वाचून झाल्यावर त्यानं कागद पुन्हा एकदा स्वतःशी वाचला. एप्पोनं खिशातून चौथी डबी काढली, क्रमांकाचा कागद नखानं सोलला, आणि लाल ठिपका दिसल्यावर तो ठिपक्याकडे बघत उभा राहिला.

"ही मुद्दाम मेलेली होती," तो म्हणाला.

"मुद्दाम. आणि तू ती मेलेलीच सांगितलीस. दोन दिवस छळ झाला, तोंडावर वाईटपणा घ्यायची वेळ आली, तरी मेलेलीच सांगितलीस." फीननं नाक पुसलं. "मी मेली काल दिवसभर समजून बसले की तिच्यात उजेड सापडलाय. तुझं ते तोंड बघून. तुमच्याकडे सुतकाचं आणि बारशाचं तोंड एकच असतं का रे?"

"मला वाटलं, तुझ्या शेवटच्या घाण्यांतला एक वाया गेला."

"गाढवा," फीन म्हणाली आणि त्याला मिठी मारली. तिचं डोकं त्याच्या खिशाशी आलं.

वीस म्हटलं तिथे एकोणीस आलं होतं, पस्तीसला तेहतीस, पंधराला सोळा. उजेड सालीबरोबर सरकत होता आणि साल नाही तिथे नव्हता. आता याला कुणी चेरीचा निकाल म्हणू शकणार नव्हतं. लुडो भिंतीला टेकून उभा होता. शेवटी तो म्हणाला, "एप्पो, तुझं मत?"

एप्पोनं विचार केला. सगळे त्या वाक्याची वाट बघत होते, काहींनी ते ओठांवर आणूनही ठेवलं होतं.

"सुंदर आहे," एप्पो म्हणाला, आणि लाजून बिस्किटांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फीन बेकरीत उभी होती. मालकीणबाईंनी नऊ वर्षांत तिला पाव आणि सॉसेजखेरीज काही मागताना पाहिलं नव्हतं.

"चेरीच्या सहा व्लाई."

"सहा? कुणाचा वाढदिवस?"

"सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी प्यायलेय. बांधा."

सहा व्लाई सायकलवर मावेनात, म्हणून तीन स्वतः घेऊन उरलेल्या तिनांसाठी टोसला बोलावलं. टोस सत्तर वर्षांची, बांधणी खात्यातली; खोकी तिनं अशी बांधली की वाटेत एक चेरीसुद्धा हलली नाही. प्रयोगशाळेच्या दारात सायकल टेकवत तिनं विचारलं, "हं. लागला का दिवा?"

"लागला."

"दाखव."

"डोळ्यांना दिसत नाही तो."

टोसनं तिच्याकडे नीट पाहिलं. "फीन, तो तुमचा नऊ वर्षांपूर्वीचा हिरवा तरी दिसत होता."

"चल आत," फीन म्हणाली.

एप्पोनं खोलीत सगळं मांडून ठेवलं होतं. माणसाला न दिसणारा उजेड बघू शकणारा कॅमेरा, शेजारी पडदा. टोसला खुर्ची दिली. पडद्यावर काळोख होता. एप्पोनं लेसर सोडला, आणि पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटला, पांढरा, स्थिर, टाचणीच्या डोक्याएवढा.

टोस पुढे वाकली. "हा?"

"हा."

"बंद कर बघू." बांधणी खात्यातली असली तरी कारखान्याचीच बाई ती.

एप्पोनं बंद केला. ठिपका गेला.

"लाव."

ठिपका आला.

"आता तो दुसरा ठेव, तो मेलेला, ज्याचं फीननं वाटेत सांगितलं." त्याला थोडा वेळ लागला. बसवणं, गोठवणं, सगळं होईपर्यंत टोस जागची हलली नाही. चौथा तुकडा लेसरखाली आला. पडदा काळा तो काळाच राहिला. टोसनं मान हलवली, स्मुल्डर्सबाई हलवायच्या तशी.

"परत तो पहिला ठेव," ती म्हणाली. ठिपका पुन्हा आल्यावर ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, किती तास चालतो."

"मग मी काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतंस, मला माहीत नाही, बाबा, पण लागलाय." टोसनं बहिणीचा हात धरला. वाढदिवसाला धरतात तसाच, दोन्ही हातांत, आणि तिनं तिचं अभिनंदन केलं. मग एप्पोचं केलं, मग दारातून डोकावणाऱ्या लुडोचं केलं.

दहाला कॉफीच्या कोपऱ्यात व्लाई कापल्या. लुडोनं फीनला विचारलं, पाचांतला कुठला तुकडा आठवण म्हणून घरी नेशील, सगळ्यात तेजस्वी असेल तो घे. फीननं चौथी डबी एप्रनच्या खिशात टाकली. उजळणारे तुम्हाला लागतील, ती म्हणाली, ही माझी.

एप्पोनं आपली फोड संपवली. ताटली ठेवली, परत उचलली. आणि मग कुणी धरलेली नसताना, कुणी म्हटलेलं नसताना, स्वतः हात लांब करून त्यानं दुसरी फोड घेतली. फीननं पाहिलं, पण ती काही बोलली नाही, तिनं फक्त परात त्याच्या बाजूला सरकवली.